तुझ्यासाठी देवाला सांगतो

सप्त्याचा आज पाचवा दिवस. काल आपण स्वतःसाठी देवाजवळ काय मागावं, ते पाहिलं. आज दुसऱ्यासाठी मागण्याविषयी बोलू. आणि त्यातही एका बारीक गोष्टीविषयी. आपण एखाद्याला म्हणतो, "तुझ्यासाठी देवाला सांगतो." म्हणणारा म्हणून मोकळा होतो. पण ऐकणाऱ्याच्या मनात काय होतं? तिकडं आपलं लक्ष जातं का?

वारीपासून सुरुवात करू. दिंडी निघते त्या दिवशी गावातली म्हातारी माणसं वेशीपर्यंत येतात. गुडघे गेलेले, चालवत नाही. काय म्हणतात? "पांडुरंगाला आमचा नमस्कार सांगा." "माझ्या नावानं पायरीवर डोकं ठेव रे बाबा." आणि आषाढी करून माणूस परत आला, की तिच्या हातावर चिमूटभर बुक्का आणि चार चुरमुरे ठेवतो. ती माउली ते चुरमुरे कपाळाला लावते. चुरमुऱ्याची किंमत ती काय! पण तिला कळतं, पंढरीत माझं नाव निघालं होतं. डोळ्यांत पाणी येतं तिच्या. इथं कुणाच्या मनात किंतु नाही. का नाही? कारण मागणं तिचं होतं. तिनं सांगितलं, आपण पोचवलं. निरोप्याचं काम केलं. विठ्ठल विठ्ठल!

आता दुसरी बाजू बघा. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली, मूल नाही, अशी एखादी लेक असते. हळदीकुंकवाला येते. तिथं चार बायकांत कुणी मावशी मोठ्यानं म्हणते, "अगं, तुझ्यासाठी देवीला साकडं घातलंय मी. खण-नारळ बोललेय." मावशीच्या मनात पाप नाही, मायाच आहे. पण त्या लेकीनं काही मागितलं होतं का? तिचं दुःख तिनं पदराआड ठेवलं होतं, ते चारचौघींत उघडं पडलं. ती हसते, "बरं हो मावशी," म्हणते, आणि पुढच्या हळदीकुंकवाला डोकं दुखतं म्हणून घरीच राहते. सांगा, आता काय करायचं त्या साकड्याचं?

दुसरा एक बाप. पोरगा तालुक्याच्या दवाखान्यात आहे. हा बाकड्यावर बसलाय, पैशाची जुळवाजुळव चाललीय, घरी दोन म्हशी धारेच्या आहेत. शेजारी भेटायला येतो आणि म्हणतो, "काळजी करू नका दादा, देवाला सांगतो." आणि मोटारसायकलला किक मारून निघून जातो. त्या बापाला काय वाटलं असेल? मला वाटेला लावलं, असंच वाटणार. अरे, देवाला सांगशील तेव्हा सांग, आज संध्याकाळी धार काढशील का, एवढं तरी विचार!

आणि तिसरा, देव न मानणारा. असे लोक प्रत्येक गावात असतात, आणि पुष्कळदा फार चांगले असतात बरं का. त्याला कुणी म्हटलं, "देव तुम्हाला सद्बुद्धी देवो, मी प्रार्थना करतो," तर त्याला आशीर्वाद ऐकू येत नाही, टोमणा ऐकू येतो. पण त्याचीच आई म्हणाली, "बाळा, तुझ्या नावानं दिवा लावते," तर तो खाली वाकून पाया पडतो. देव तोच, दिवा तोच. मग फरक कशाचा? आईच्या बोलण्यात त्याला सुधारायची गोष्ट नव्हती.

आता एक शहाण्या लोकांची गोष्ट सांगतो, आपल्या नेहमीच्या दृष्टांतापेक्षा वेगळी आहे. अमेरिकेत डॉक्टर लोकांनी एक मोठा अभ्यास केला, 2006 साली तो छापून आला. सहा रुग्णालयं, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले 1802 रुग्ण. त्यांचे तीन गट केले. दोन गटांना सांगितलं, तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यातल्या एकासाठी झाली, एकासाठी नाही. तिसऱ्या गटाला मात्र पक्कं सांगितलं, तुमच्यासाठी प्रार्थना होणार म्हणजे होणारच. प्रार्थना करणारी ख्रिस्ती मंडळी होती, रुग्णांना ओळखतही नव्हती. त्यांना फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलेलं. चौदा दिवस त्यांनी रोज प्रार्थना केली.

मग महिनाभरात कुणाला काय त्रास झाला, ते मोजलं. ज्यांना नक्की माहीत नव्हतं त्या दोन्ही गटांत त्रास झाला 52 आणि 51 टक्क्यांना. म्हणजे प्रार्थना झाली काय, न झाली काय, फरक दिसला नाही. हे सरळ सांगतो, लपवायचं कशाला? आणि ज्यांना पक्कं सांगितलं होतं त्या गटात? 59 टक्के! जास्त! आता हे का झालं, ते त्या अभ्यासकांनाही ठामपणे सांगता आलं नाही. योगायोगही असेल. पण त्यांच्यातल्या एका डॉक्टरांनी एक शंका बोलून दाखवली. रुग्णाच्या मनात आलं असेल, मी इतका आजारी आहे का, की यांना प्रार्थना करणारे बोलवावे लागले?

मायबाप हो, देवाची मोजदाद करायला आपण इथं बसलो नाही. पण ही शंका किती आपली आहे बघा! खाटेवरचा माणूस भेटायला येणाऱ्याच्या तोंडाकडं बघत असतो. तुम्ही उसासा टाकून म्हणालात, "आता देवावर हवाला," की तो समजतो, आपलं काही खरं नाही.

मग काय, दुसऱ्यासाठी मागूच नये? असं कसं होईल? आपल्या संप्रदायाचा मोठा ठेवाच मुळी दुसऱ्यासाठी केलेलं मागणं आहे. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. प्रवरेकाठी नेवाशाला माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. अठरावा अध्याय संपला आणि शेवटी नऊ ओव्यांत माउलींनी मागणं मागितलं. पसायदान. लहान लेकरांनाही पाठ आहे. आज त्यातल्या तीनच गोष्टी घ्या.

पहिली गोष्ट. माउली देवाला म्हणतात, हे दान मला दे. मला! आणि मागतात काय? सगळ्या जगाचं भलं. नीट लक्षात घ्या. घेणेकरी कोण झालं? माउली झाल्या. जगावर उपकाराचं ओझं नाही. आपण काय करतो? "तुझ्यासाठी नवस फेडला हो मी, अनवाणी गेलो होतो," असं दहा वेळा ऐकवतो. मग समोरच्याला वाटतं, हा देवाकडं गेला होता की माझ्या खात्यावर उधारी मांडायला गेला होता? माउलींचं बघा, जे दुसऱ्याला मिळायचं तेही स्वतःच्या पदरात मागून घेतलं.

दुसरी गोष्ट. माउली म्हणतात, ज्याला जे हवं असेल ते त्याला मिळो. मला त्याच्यासाठी जे योग्य वाटतं ते मिळो, असं नाही म्हटलं! त्याला जे हवं ते. मघाची ती लेक आठवा. तिला कदाचित मूल हवं असेल. कदाचित त्या विषयावर लोकांनी गप्प बसावं, एवढंच हवं असेल. त्या बापाला त्या घडीला म्हशींची धार काढणारा हवा होता. मग दुसऱ्यासाठी मागायच्या आधी काय करायला पाहिजे? त्याला काय हवं ते विचारायला पाहिजे. आणि विचारून मिळालेलं उत्तर आपल्या हातानं होण्यासारखं असेल, तर ते देवावर ढकलायचं नाही. देवाकडं न्यायचं ते उरलेलं.

तिसरी गोष्ट. ज्या समाजानं या भावंडांना वाळीत टाकलं, त्यांचंही नाव घेऊन माउलींनी काही मागितलं नाही. खळांचा खळपणा जावो म्हणाल्या, बोट कुणाकडं दाखवलं नाही. "तुला सुधारावं म्हणून प्रार्थना करतो," असं कुणाच्या तोंडावर म्हटलेलं नाही. पांडुरंग हरी!

म्हणून सांगतो, घरी जाताना एवढं घेऊन जा. कुणी "माझ्यासाठी देवाला सांगा" म्हटलं, तर जरूर हो म्हणा, आणि हो म्हटलं की विसरू नका. त्या माणसाच्या जिवाला तो शब्द लागून राहिलेला असतो. कुणी मागितलं नसेल, तर आधी जवळ बसा, विचारा, हातभार लावा. आणि तरी मन भरून येत असेल, तर रात्री तुळशीपुढं त्याचं नाव घ्या. त्याला सांगायलाच पाहिजे असं कुठं आहे? देवाला ऐकू गेलं, काम झालं.

आणि जो ऐकणारा आहे त्यालाही एक विनंती. कुणी म्हणालं, "तुझ्यासाठी देवाला सांगतो," आणि तुझ्या मनाला लागलं, तर तुझी श्रद्धा उणी आहे असं समजू नको. लागणं साहजिक आहे. तोंडावर सांगायचं धाडस असेल तर सांग, "मावशी, चारचौघींत नको हो." नसेल तर गप्प राहा, त्यातही पाप नाही. पण एक बघून ठेव. खूप माणसांना माया दाखवायला दुसरे शब्दच येत नाहीत. शब्द ओबडधोबड असतो, आतलं माणूस तसं नसतं. शब्द टोचला तर काढून टाक, माया ठेवून घे.

आणि आज रात्री झोपताना एक तरी नाव असं घ्या, की ज्याला ते कधीच कळणार नाही.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!