शिफ्टचा कागद



संशोधक आणि उद्योजकांच्या या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने पिंपरी-चिंचवडमध्ये आपलं मनःपूर्वक स्वागत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे कारखाने वाढत गेले आणि इथली घरं भोंग्यावर चालू लागली. डबा, शाळा, पाहुणेरावळे, सगळं शिफ्ट बघून.

भोसरीत माझं सुट्या भागांचं छोटं युनिट आहे. आमच्याकडे शिफ्टचा कागद शनिवारी संध्याकाळी लागायचा आणि सोमवारी बदलायचा. एकदा असेंब्लीवरची एक बाई पंचिंग मशीनपाशी उभी राहून फोनवर शेजारणीला विनवत होती, “ताई, आजच्या दिवस सोनूला शाळेतून आणाल का?” त्या आठवड्यातला तो तिसरा ‘आजचा दिवस’ होता. मी मनात म्हटलं, हा तिच्या घरचा प्रश्न.

तो माझाही प्रश्न आहे, हे मला अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं. कॅलिफोर्निया, शिकागो आणि नॉर्थ कॅरोलिना इथल्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांनी गॅप या कपड्यांच्या दुकानांत प्रयोग केला. काही दुकानांत कामाच्या वेळा शक्य तितक्या पक्क्या केल्या, मोबाइलवरून आपसांत शिफ्ट बदलायची मुभा दिली. काही दुकानं तुलनेसाठी बाजूला ठेवली. निष्कर्ष २०१८ साली आले. प्रयोगातल्या दुकानांची विक्री साधारण ७ टक्क्यांनी वाढली. मला अधिक टोचलं ते दुसरंच. वेळांच्या गोंधळाचं खापर सगळे गिऱ्हाइकावर फोडत होते; पण त्यातला बराचसा गोंधळ मुख्यालयाच्या ऐनवेळच्या निर्णयांतून येत होता.

मग मी माझं टेबल तपासलं. आमचे भाग घेणाऱ्या मोठ्या कंपनीचं शेड्यूल बदलायचं हे खरं. पण कच्चा माल आला का, हे न विचारताच कागद काढणारा मीच होतो. आता तो पंधरा दिवस आधी लागतो.

पण असे प्रश्न मालकाला सहसा कळत नाहीत. त्याने विचारलं, तर कामगार म्हणणार, “सगळं ठीक आहे साहेब.” संशोधकाला तो खरं सांगतो. शिवाय संशोधक तुलना करतो, मोजतो. आपण अंदाजाने बोलतो. म्हणून प्राध्यापकांना विनंती, आमच्या फाटकातून आत या. आणि उद्योजक मित्रांनो, त्यांच्यापुढे हजेरीपट उघडा, गैरसोयीचे आकडेसुद्धा दाखवा.

व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर पदरात घ्या. परिषदेचं वेळापत्रक मात्र बदलणार नाही: दोन्ही दिवस संध्याकाळी साडेपाचला आपण घरी जायला मोकळे.