तळ्याकाठची ढिवर संस्था

आपल्या तिगावापासून समुद्र लांब. पण पाण्यावर पोट असणाऱ्यांची संघटना गावाला काय देते, हे पाहायला गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावपर्यंत गेलं तरी पुरे. तिथल्या कितीतरी मालगुजारी तलावांत मासेमारीचा ठेका ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्थांकडे आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीनं काही संस्थांनी तळ्यात माजलेली बेशरमीची झुडपं मुळासकट उपटली, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती हातानं चिखलात लावल्या. या कामात ढिवर बाया पुढे होत्या, हे सांगायलाच हवं. वनस्पती वाढल्या, तसे गावठी मासे परतले, पाखरंही आली. नुसतं मत्स्यबीज सोडून हे होत नाही. आपल्या भागातल्या मच्छीमार संस्थांनी एकदा तिथं जाऊन बघावंच.