प्रदर्शनाची खूण

(भुसावळ येथे विद्यार्थिनींच्या चित्रप्रदर्शनाच्या तयारी-बैठकीत केलेलं भाषण)



प्रदर्शनाची निशाणी काय असावी यावर आपल्या तीन बैठका झाल्या. मी चित्रकार नाही. पण भिंतींवर पुष्कळ पोस्टर्स चिकटवली आहेत, तेवढ्या हक्काने बोलते.

कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवा. 1960च्या दशकाच्या अखेरीस तो आला. एक रंग, तीन रेषा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळायचा, गावचा कुठलाही पेंटर काढू शकायचा. खूण म्हणून उत्तमच. पण आणीबाणीत, 1975 ते 77मध्ये, सक्तीच्या नसबंद्या झाल्या आणि कुटुंबनियोजन म्हटलं की लोक धास्तावू लागले. त्रिकोण तोच होता!

आपल्या चळवळीची खूणही घ्या. वर्तुळ, खाली अधिकचिन्ह, आत वळलेली मूठ. एका वस्तीत ती पाहून एका मावशींनी विचारलं, "ताई, ही पळी का?" आम्ही हसलो. नंतर मात्र ओशाळलो.

म्हणून समईची ज्योत, मोर आणि रडणारी बाई या तिन्ही सूचना मला पटत नाहीत. प्रदर्शनातल्या एकाही चित्रात त्या नाहीत. आपल्यातल्या एकीने काढलेला रेल्वेचा जुना हाताचा सिग्नल मला आवडला. हात खाली झुकलेला, म्हणजे रस्ता मोकळा. आणि त्या हाताचाच ब्रश झालेला. तिचे आजोबा पॉइंट्समन होते. ते सिग्नल आता गेले, पण भुसावळला ते समजावून सांगावे लागणार नाहीत. कुणी म्हणालं, रेल्वे युनियनचं वाटेल. वाटू दे. एका रंगात, स्क्रीन प्रिंटिंगने, बिल्ल्यावर आणि बॅनरवरही ते उठून दिसेल.

आता नावांचं. दिल्लीच्या झुबान प्रकाशनाने 2006मध्ये देशभरातल्या स्त्रीचळवळीची पोस्टर्स 'पोस्टर विमेन' या पुस्तकात एकत्र केली. अशा कितीतरी पोस्टर्सवर ती काढणारीचं नावच नसतं. आपल्या पत्रिकेच्या मसुद्यातही पाहुण्यांची नावं ठळक आहेत, मुलींची नाहीत. जागा नाही म्हणे! तर पाहुण्यांचा टाइप लहान करा.

एका घरून निरोप आलाय, "स्थळं बघतोय, मुलीचं नाव छापू नका." मी तिला विचारलं. ती म्हणाली, "पहिलं नाव छापा. आडनाव नको."

तसंच छापू. पत्रिका सोमवारी छापखान्यात जाईल. प्रत्येकीने आपलं नाव जसं हवं तसं स्वतःच्या अक्षरात उद्यापर्यंत लिहून द्यावं.