चोडणच्या खारफुटीत

पणजीहून मांडवीच्या काठाकाठाने रायबंदरला पोहोचलं, की फेरीबोट थोड्याच वेळात पलीकडच्या चोडण बेटावर सोडते. धक्क्याला लागूनच सुरू होतं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. सलीम अलींचं निधन 1987 साली झालं आणि पुढच्याच वर्षी हे अभयारण्य घोषित झालं. क्षेत्रफळ जेमतेम 1.8 चौरस किलोमीटर. जवळजवळ सगळी खारफुटीच.

इथलं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते.

भरतीला होडी अरुंद फाट्यांतून थेट झाडांच्या सावलीत शिरते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्ष्यांची पंगत बसते. बगळे दबा धरून उभे, खंड्या फांदीवर टपलेला. हिवाळ्यात दूरदेशीचे पाहुणेही त्यात असतात. नशीब जोरावर असेल तर पाणमांजरं किंवा काठावर ऊन खात पडलेली मगरही दिसते.

पायवाटेवरून जाताना नजर खालीही ठेवावी. तिवराच्या बुंध्याभोवती पेन्सिलीएवढी मुळं चिखलातून सरळ वर आलेली असतात. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून झाड या मुळांवाटे श्वास घेतं. जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर पडतं. उन्हात त्याचे बारीक कण पानावर चमकतात. मुळांमधून निवट्या टुणकन उडी मारतात. हे मासे ओल्या कातडीतूनही प्राणवायू घेतात, त्यामुळे पाण्याबाहेर त्यांचं अडत नाही.

जायचं झालंच, तर ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. निघण्याआधी भरतीची वेळ विचारून घ्यावी, दुर्बीण आणि डासांचं मलम सोबत ठेवावं आणि भडक कपडे घरीच ठेवावेत.