मोरीपासून खाडीपर्यंत

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बंगळूरच्या सर्जापूर रस्त्यावर मुलांना खाडीचा धडा देता येईल, असे म्हटल्यास आपणांस नवल वाटेल. परंतु या रस्त्यालगतच्या कैकोंड्रहळ्ळी तळ्याचे जादा पाणी बेळंदूर व वर्तूर या तळ्यांतून दक्षिण पिनाकिनी नदीस मिळते, आणि ती नदी तमिळनाडूत कडलूरजवळ बंगालच्या उपसागरास मिळते.

एके सकाळी मी या तळ्यावर विद्यार्थ्यांसमवेत होतो. पाणकावळे पंख वाळवीत बसले होते. शिक्षकांनी पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजून दाखविला. मैलापाणी मिसळले की ते कुजविणारे जिवाणू हा प्राणवायू संपवितात; मग मासे गुदमरतात आणि त्यांच्यामागोमाग पक्षीही निघून जातात. २०१५ साली बेळंदूर तळ्यावर साचलेल्या फेसाला आग लागली होती, हे ऐकताच एका मुलीने विचारले, “आमच्या मोरीतले पाणी कोठे जाते?”

मी सरकारी नोकर. सांडपाण्याचे आकडे कागदांवर नित्य पाहतो. पण स्वतःच्या मोरीविषयी हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. खाडीत मासळीची पिले वाढतात. त्यांचे भवितव्य आपल्या मोरीशी निगडित आहे, एवढे मुलांस उमगले तरी तो धडा सार्थकी लागला, असे मी समजेन.