हावड्याचा पूल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



नागपूरमार्गे आलेला मराठी माणूस हावडा स्थानकाबाहेर पडला, की त्याच्यासमोर प्रथम उभा राहतो तो हा पूल. आम्ही त्यास इतके सरावलो आहोत, की तो कोणत्या पेचातून जन्मला, याचा विचार मनात येत नाही.

पेच असा, की येथे गाडीची वाट आणि जहाजाची वाट एकमेकींस छेदतात. सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी १८७४ साली बांधलेला पहिला पूल तरंगत्या तराफ्यांवर होता. तो पुरा होण्यापूर्वीच त्या वर्षीच्या मार्चमधील तुफानात ‘एगेरिया’ नावाची आगबोट त्यावर आदळली आणि तीन तराफे बुडाले. पुढेही जहाज आले, की मधला सुमारे दोनशे फुटांचा भाग बाजूस सारावा लागे. तोवर दोन्ही तीरांवर बैलगाड्या खोळंबून राहत.

म्हणून नव्या पुलास पात्रात एकही खांब नको, असे ठरले. १९२६ साली कायदा झाला, पण प्रत्यक्ष काम सुरू व्हावयास १९३६ उजाडले. (कायदा आणि कुदळ यांतील हे अंतर आम्हा सरकारी मंडळींस नवे नाही.) दोन तीरांवरील मनोऱ्यांमध्ये दीड हजार फुटांचा गाळा आहे आणि सांधे नटबोल्टांचे नसून रिव्हेटांचे आहेत. एकूण साडेसव्वीस हजार टन पोलाद लागले. महायुद्धामुळे विलायतेतून ते मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा त्यापैकी सुमारे तेवीस हजार टन टाटांच्या कारखान्याने पुरविले. आमच्या मते या पुलाचा खरा अभिमान येथे आहे.

३ फेब्रुवारी १९४३ रोजी तो रहदारीस खुला झाला. ना फीत, ना भाषण! डिसेंबरात जपानी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले होते, आणि गाजावाजा करणे धोक्याचे होते. त्याच वर्षी बंगालात भीषण दुष्काळ पडला. १९६५ साली पुलास रवींद्रनाथांचे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच राहिले.

बॉम्बांतून वाचलेल्या या पुलास पुढे पानाची पिंक बाधली. चुना व तंबाखू मिसळलेल्या थुंकीने, वरून लोंबणाऱ्या पोलादी आधारांच्या पायथ्याची आवरणे झिजली. २००७ ते २०११ या चार वर्षांत सहा मिलिमीटर जाडीची तीन मिलिमीटरांहून कमी झाली. अखेर २०१३ साली बंदर प्रशासनाने त्या पायथ्यांवर फायबरग्लासची धुता येणारी आवरणे चढविली.