हातातल्या पडद्यासाठी पाठ

दूरशिक्षणात काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आपला ऑनलाइन विद्यार्थी बहुतेक वेळा मोबाइलवर शिकतो, आणि पुष्कळ घरांत तो मोबाइलही एकट्याचा नसतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा आपण हाताशी होते ते चढवले: तासाभराची व्याख्याने, नोट्सच्या पीडीएफ, वर्गातल्या स्लाइड. वेळच तशी होती. पण त्याला वर्षे लोटली, तरी पुष्कळ अभ्यासक्रम अजून त्याच रूपात चालू आहेत, याची मला खंत वाटते.

साधी पीडीएफच घ्या. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. उभ्या धरलेल्या मोबाइलचा पडदा साधारण ७०. म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटवर येते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. एवढ्या बारीक आकारात ‘ष्ट’ की ‘ष्ठ’ हे कळत नाही. विद्यार्थी दोन बोटांनी पान मोठे करतो, ओळ सरकवत उजव्या टोकाला जातो, परत डावीकडे येतो आणि आपण कुठल्या ओळीवर होतो ते शोधत बसतो. चार पानांतच त्याचा जीव मेटाकुटीला येतो, आणि आपण म्हणतो, मुलांना वाचायची सवय राहिली नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये साध्या वेबपानावर ठेवला, तर ओळी पडद्याच्या रुंदीला आपोआप मोडतात. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या निकषांत ३२० पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा, अशी अपेक्षा आहे. ती प्रामुख्याने अधू दृष्टीच्या वाचकांसाठी आहे. आपल्याकडे ती प्रत्येकाच्या कामाची आहे.

व्हिडिओबद्दल माझे मत जरा कठोर आहे. सेकंदाला एक मेगाबिट हा बेताचा दर धरला तरी तासाभराच्या व्याख्यानाला ४५० एमबी लागतात. तेच व्याख्यान ३२ किलोबिटच्या ध्वनिफितीत साडेचौदा एमबीच्या आत बसते. बोलणाऱ्या प्राध्यापकाचा चेहरा दिसावा एवढ्यासाठी विद्यार्थ्याच्या रिचार्जमधून ४३५ एमबी काढून घेणे मला अन्यायाचे वाटते. जिथे डोळ्यांनी पाहिल्यावाचून कळणार नाही, तिथेच व्हिडिओ हवा. द्राक्षाच्या गोडी छाटणीत काडी कितव्या डोळ्यावर कापायची, हे कितीही लिहिले तरी उमगत नाही; कात्री आणि काडी जवळून दाखवणारी दोन मिनिटांची फीत ते काम करते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ने छोटे पाठ, मराठीसह भारतीय भाषांतला आवाज आणि सोबत लिखित संहिता ही घडी चांगली बसवली आहे. तिथून शिकण्यासारखे बरेच आहे.

आणि आपल्या घरातही ठेवा आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झाले, ते छापील स्वयंअध्ययन पुस्तकांच्या बळावर. आधी उद्दिष्ट, मग थोडे विवेचन, लगेच स्वतःला तपासण्याचे प्रश्न, मागे उत्तरे. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून एकेक वाक्य लिहायचे, हे कसब त्या लेखकांनी कमावले होते. मोबाइलवरच्या पाठाला नेमके तेच लागते. व्याख्यानाचे चित्रीकरण करताना ते आपण बाजूला टाकले.

विद्यार्थ्याच्या अभ्यासात खंड पडणारच. मधेच फोन येतो, एसटी घाटात शिरली की रेंज जाते, रात्री वडील कामावरून आल्यावर फोन त्यांना लागतो. म्हणून पाठ जिथे सुटला तिथूनच पुन्हा उघडला पाहिजे आणि चाचणीतले प्रत्येक उत्तर दिल्याक्षणी जतन झाले पाहिजे. ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या मूडल या प्रणालीच्या मोबाइल ॲपमध्ये पाठ उतरवून घेऊन नेटशिवाय वाचता येतात. शिक्षकाने परवानगी दिली तर चाचणीही नेटशिवाय सोडवता येते. ही परवानगी मुद्दाम चालू करावी लागते. आपापल्या अभ्यासक्रमात ती चालू आहे का, हे इथून गेल्यावर प्रत्येकाने पाहावे, अशी माझी विनंती आहे.

समित्यांची मान्यता देण्याची पद्धतही बदलायला हवी. सभागृहात प्रोजेक्टरवर अभ्यासक्रम पाहून आपण सह्या करतो. यापुढे समितीच्या निदान एका सदस्याने तो साध्या, स्वस्त फोनवर, ऑफिसचे वायफाय बंद ठेवून, पहिल्या पाठापासून शेवटच्या चाचणीपर्यंत पुरा करावा आणि कुठे अडले ते लिहून द्यावे. त्या टिपणाशिवाय मान्यता देऊ नये.

शेवटी एक ठराव आपल्यापुढे ठेवतो. माहितीपत्रकात आपण शुल्क छापतो, कालावधी छापतो. त्यांच्याच शेजारी अभ्यासक्रम पुरा करायला एकूण किती एमबी डेटा लागेल, हा आकडाही छापावा, आणि तो दरवर्षी नव्याने मोजावा. दुपारच्या सत्रात यावर चर्चा होऊन मतदान व्हावे.